द्वंद्वात्मक भौतिकवाद, समाजवादी राजकारण आणि विज्ञान : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अभ्यासवर्गाच्या दुसऱ्या दिवशी, जेवणानंतरच्या पेंगुळलेल्या तासाला हमखास हा विषय येतो आणि प्रश्नही हमखास तेच येतात. म्हणून एकदाचे लिहून काढले. उत्तरे माझी आहेत, कोणत्याही पक्षाची अधिकृत भूमिका नव्हे. पटली नाहीत तर भांडायला मोकळे आहात.

नाव एवढे अवजड का? सोप्या मराठीत सांगा ना.

दोन शब्द सुटे करू. भौतिकवाद म्हणजे जग आपल्या मनावर किंवा कुणाच्या इच्छेवर अवलंबून नाही. आधी जग, मग जाणीव. रोजच्या बोलण्यात 'भौतिकवादी' म्हणजे बंगला-गाडीमागे धावणारा माणूस. त्या अर्थाशी इथे काही देणेघेणे नाही. जुने लेखक म्हणूनच 'जडवाद' म्हणत, पण त्यावरून लोकांना दगडधोंडे आठवतात.

द्वंद्वात्मक म्हणजे वस्तूकडे तिच्या हालचालीत बघायचे. प्रत्येक गोष्टीत एकमेकींना बांधलेल्या आणि तरी एकमेकींविरुद्ध ओढणाऱ्या बाजू असतात, आणि त्या ओढाताणीतून बदल होतो. कारखान्याचा मालक आणि कामगार हे नेहमीचे उदाहरण. कामगाराशिवाय नफा नाही, मालकाच्या यंत्राशिवाय मजुरी नाही. पण एकाच्या हिश्शात वाढ झाली की दुसऱ्याच्या हिश्शात घट. दोघांना वेगळे काढून अभ्यासता येत नाही आणि एकाच बाजूचे आहेत असेही म्हणता येत नाही.

मला स्वतःला 'विरोधविकासवाद' हा मराठी प्रतिशब्द जास्त आवडतो. द्वंद्व म्हटले की दोन पैलवान डोळ्यांसमोर येतात, एक चितपट झाला की कुस्ती संपली. इथे झुंजता झुंजता दोघेही बदलतात आणि आखाडाही तोच राहत नाही.

हे सगळे मार्क्सनेच सांगून ठेवले आहे ना?

नाही. हा शब्दप्रयोग मार्क्सच्या लिखाणात सापडतच नाही. मार्क्स १८८३ मध्ये गेला. योझेफ डीट्झगेन नावाच्या, चामडे कमावण्याचा धंदा करणाऱ्या जर्मन कारागिराने हा शब्द १८८७ मध्ये वापरला आणि रशियन मार्क्सवादी प्लेखानोव्हने १८९१ पासून तो रुळवला. निसर्गातही हेच नियम चालतात, हे सविस्तर मांडले ते मार्क्सचा सहकारी एंगल्सने, १८७८ च्या 'अँटी-ड्यूरिंग' या पुस्तकात. निसर्गावरची त्याची बाकीची टिपणे अर्धवट राहिली आणि थेट १९२५ मध्ये मॉस्कोत छापली गेली.

आपल्याकडच्या अभ्यासवर्गांत जे पोहोचले ते बहुतांशी १९३८ चे आहे. सोव्हिएत पक्षाच्या संक्षिप्त इतिहासात स्टालिनने या विषयावर एक प्रकरण घातले, तेच जगभर पाठ्यपुस्तक झाले. त्यात एंगल्सचा तिसरा नियम, 'निषेधाचा निषेध', गळाला आहे. तो मान्य केला तर आजच्या सत्तेचाही उद्या निषेध होणार हे ओघाने येते. गळण्याचे कारण तेच होते की नाही, हा तर्काचा भाग.

ते तीन नियम पाठ करावे लागतात का?

एंगल्सचे तीन नियम असे: संख्यात्मक बदल साचत जाऊन गुणात्मक बदल होतो, विरोधी बाजू एकमेकींत मिसळलेल्या असतात, आणि निषेधाचा निषेध, म्हणजे जवाचा दाणा मोडून रोप येते आणि रोप मोडून पुन्हा दाणे, पण या वेळी ओंबीभर. पाठ करायला पाच मिनिटे लागतात. तिथेच घोळ आहे.

माझ्या पहिल्या अभ्यासवर्गात शिकवायला एक निवृत्त गिरणी कामगार होते, सगळे त्यांना भाई म्हणत. मागे स्टोव्हवर चहाचे आधण ठेवले होते. भाई त्याकडे बोट दाखवून म्हणाले, "पाणी तापतंय, तापतंय, नुसतं तापतंय. शंभरला गेलं की वाफ. समाजाचं तसंच." वाईकडचा एक मुलगा उठला. "भाई, आमच्याकडं वर महाबळेश्वरात शंभर होतच नाही. पंचाण्णव-शहाण्णवलाच उकळतं." सगळे हसले. भाई क्षणभर गप्प राहिले, मग म्हणाले, "बरोबर आहे. तिथं हवेचा दाब कमी. म्हणजे नुसती आच बघून भागत नाही, वरनं दाबतंय कोण तेबी बघायचं."

त्या एका वाक्यात मला हा विषय जेवढा कळला तेवढा नंतरच्या पुस्तकांतून कळला नाही. चहा पिताना मी त्यांना विचारले, लोण्याचे काय? डांबराचे काय? ते तर हळूहळू मऊ होत जातात, उडी कुठेच नाही. भाई म्हणाले, "त्याचं उत्तर माझ्याकडं नाही. तू शोध."

शोधल्यावर एवढे कळले की न्यूटनचे नियम ज्या अर्थाने नियम आहेत, त्या अर्थाने हे नियम नाहीत. पाणी किती अंशांना उकळेल हे त्यांतून काढता येत नाही; त्यासाठी तापमापक लागतो. उकळताना आच चालू असूनही पारा तिथेच थांबतो आणि एक ग्रॅम पाण्याची वाफ व्हायला सुमारे ५४० कॅलरी लागतात, हेही मोजूनच कळले. नियम एवढेच सुचवतात: सलग चाललेला बदल कुठेतरी तुटतो का ते बघ, आणि तुटत असेल तर का ते शोध. कधी तुटतो, कधी लोण्यासारखा तुटत नाही.

समाजवादी राजकारणाला याची गरजच काय? अन्याय दिसतो, लढावे, झाले.

हा प्रश्न जुना आहे. जर्मन सोशल डेमोक्रॅट एडुआर्ड बर्नस्टाइनने १८९९ मध्ये हेच म्हटले: द्वंद्ववाद हा मार्क्सच्या विचारातला दगाबाज भाग आहे, तो टाकून द्या आणि सुधारणा करत चला. पक्षाने ठरावात त्याला नाकारले आणि व्यवहारात त्याच्याच वाटेने गेला. ४ ऑगस्ट १९१४ रोजी त्याच पक्षाने संसदेत युद्धकर्जाला मत दिले. लेनिनला बातमी खोटी वाटली. त्यानंतरच्या काही महिन्यांत, युरोप पेटलेला असताना, हा गृहस्थ स्वित्झर्लंडमधल्या बर्नच्या ग्रंथालयात जर्मन तत्त्वज्ञ हेगेलचे तर्कशास्त्र वाचून वह्या भरत बसला होता. वेळ घालवायला नव्हे. एवढी मोठी संघटना रात्रीत उलटी कशी फिरली, याचे उत्तर 'नेते फितूर झाले' एवढ्यावर भागत नव्हते. संघटना वाढता वाढता तिचे इमारती, छापखाने, निधी, खासदार हेच तिला सांभाळायचे ओझे झाले होते. वाढीतच उलटण्याचे बीज होते.

माओने १९३७ मध्ये 'प्रमुख विरोध' ही कल्पना मांडली (विरोध म्हणजे वर सांगितलेली ओढाताण), तिचा उपयोगही रोखठोक होता. एका वेळी दहा विरोध असतात, त्यांतला आत्ता निर्णायक कोणता? जपानने आक्रमण केलेले असताना कालपर्यंत आपली माणसे मारणाऱ्या कुओमिंतांगशी, म्हणजे चीनमधल्या सत्ताधारी राष्ट्रवादी पक्षाशी, हातमिळवणी करायची की नाही, हा प्रश्न त्यातून सोडवला गेला.

म्हणजे कोणतीही कोलांटउडी 'द्वंद्वात्मक' म्हणून खपवता येते?

येते, आणि खपवली गेली आहे. आपल्याच घरातले उदाहरण घ्या. जून १९४१ मध्ये हिटलरने सोव्हिएत संघावर हल्ला केला आणि कालचे साम्राज्यवादी युद्ध भारतीय कम्युनिस्टांच्या लेखी लोकयुद्ध झाले. जागतिक पातळीवर फॅसिझम हा प्रमुख विरोध होता, हे विश्लेषण चुकीचे नव्हते. पण ऑगस्ट १९४२ मध्ये मुंबईच्या गोवालिया टँक मैदानावरून 'चले जाव'ची हाक गेली, साताऱ्यात इंग्रजांना न जुमानणारे पत्री सरकार उभे राहिले, आणि पक्ष बाजूला उभा राहिला. साताऱ्यातल्या शेतकऱ्याच्या लेखी प्रमुख विरोध कोणता आहे, हे विचारायचे राहून गेले. गंमत अशी की पत्री सरकारचे क्रांतिसिंह नाना पाटील पुढे कम्युनिस्ट पक्षातच आले आणि १९५७ मध्ये साताऱ्यातून त्याच पक्षाचे खासदार झाले.

माझी कसोटी साधी आहे. 'द्वंद्वात्मक' हा शब्द निर्णयाआधी वापरला गेला की नंतर? आधी असेल तर तो विचार, नंतर असेल तर बहुतेक वेळा वकिली.

विज्ञानाला याने खरेच काही दिले, की नुसते श्रेय घेतले?

दिले. सर्वांत चांगले उदाहरण लंडनचे. १९३१ च्या उन्हाळ्यात तिथे विज्ञानाच्या इतिहासाची दुसरी आंतरराष्ट्रीय परिषद भरली. बोल्शेविक नेता बुखारिनच्या नेतृत्वाखाली सोव्हिएत मंडळ ऐनवेळी दाखल झाले. त्यात बोरिस हेसेन नावाचा भौतिकशास्त्रज्ञ होता. त्याने मांडले की न्यूटनने 'प्रिन्सिपिया'त ज्या प्रश्नांना हात घातला, ते त्या काळच्या जहाजबांधणीने, खाणीतल्या पाणी उपशाने आणि तोफखान्याने समोर ठेवलेले प्रश्न होते. तोवर विज्ञानाचा इतिहास म्हणजे थोर पुरुषांची चरित्रमाला होती. सफरचंद पडले, सुचले. श्रोत्यांतल्या ज्येष्ठांनी नाके मुरडली, पण बर्नाल, नीडहॅम यांच्यासारखे तरुण ब्रिटिश शास्त्रज्ञ हलले. बर्नालने १९३९ मध्ये विज्ञानाच्या सामाजिक कार्यावर ग्रंथ लिहिला आणि नीडहॅमने पुढचे आयुष्य चीनमधल्या विज्ञानाच्या इतिहासाला वाहिले.

हेसेनने न्यूटनला सरळसोट आर्थिक गरजांचा टपालवाला केले, ही टीकाही खरी आहे. पण प्रश्न नवा होता.

दुसरे उदाहरण जीवोत्पत्तीचे. रशियात ओपारिनने १९२४ मध्ये आणि इंग्लंडमध्ये जे. बी. एस. हाल्डेनने १९२९ मध्ये स्वतंत्रपणे मांडले की आरंभीच्या पृथ्वीवर, मुक्त ऑक्सिजन नसताना, साध्या संयुगांतून क्रमाने सजीवांकडे जाणारी रसायने बनली असावीत. १९५३ मध्ये मिलर आणि युरी यांनी काचेच्या उपकरणात वायू आणि ठिणग्यांतून अमिनो आम्ले मिळवली तेव्हा या कल्पनेला पहिला हातभर आधार मिळाला. हाल्डेन १९२९ मध्ये मार्क्सवादी नव्हता, तेव्हा सगळे श्रेय तत्त्वज्ञानाला देऊ नका. पुढे तो कम्युनिस्ट झाला, १९५७ मध्ये भारतात आला, इथलाच नागरिक झाला आणि १९६४ मध्ये भुवनेश्वरला वारला.

नंतरच्या काळात रिचर्ड लेविन्स आणि रिचर्ड लेवॉन्टिन या अमेरिकी जीवशास्त्रज्ञांनी प्राणी आणि पर्यावरण यांच्या नात्याकडे याच नजरेने पाहिले: परिस्थिती प्राण्याला घडवते तसा प्राणीही परिस्थिती घडवतो. वाळवीच्या वारुळात शिरून बघितले असते तर हे कुणालाही दिसले असते, पण पाठ्यपुस्तकात 'पर्यावरण' ही बाहेरून दिलेली वस्तू होती.

आणि लायसेंको?

हा प्रश्न विचारणारा बहुधा हात वर न करताच विचारतो, आणि बरोबर करतो.

सोव्हिएत कृषितज्ज्ञ त्रोफिम लायसेंकोची सुरुवात हिवाळी गव्हापासून झाली. ओलवलेले बी काही दिवस थंडीत ठेवून वसंतात पेरले तर ते त्याच हंगामात ओंबी धरते. हे खरे आहे आणि त्याच्या आधीही माहीत होते. त्याने पुढची उडी मारली: हा बदल पुढच्या पिढीत उतरतो, जनुके वगैरे थोतांड आहे, परिस्थिती बदलली की जात बदलते. दुष्काळ आणि सक्तीच्या सामुदायिक शेतीने जेरीला आलेल्या सत्तेला असेच काही ऐकायचे होते. शिवाय तो शेतकऱ्याचा पोरगा, विरोधक परदेशी पदव्यांचे प्राध्यापक. गोष्ट जुळून आली.

विरोधकांत सगळ्यांत मोठा होता वनस्पतिशास्त्रज्ञ निकोलाय वाविलोव्ह. पाचही खंडांत हिंडून त्याने पिकांची बियाणी गोळा केली, कोणते पीक मुळात कुठले हे शोधले. ऑगस्ट १९४० मध्ये युक्रेनमध्ये बियाणी गोळा करायला गेलेला असतानाच त्याला पकडले. जानेवारी १९४३ मध्ये तो सारातोव्हच्या तुरुंगात कुपोषणाने मेला. त्याच काळात वेढ्यात सापडलेल्या लेनिनग्राडमध्ये त्याच्या संस्थेचे कर्मचारी बियाण्यांची राखण करत भुकेने मरत होते. भाताच्या वाणांचा जाणकार दिमित्री इवानोव्ह मेला तेव्हा त्याच्या भोवती भाताच्या हजारो पुड्या होत्या. एकही फोडलेली नव्हती.

१९४८ च्या ऑगस्टमध्ये कृषी विज्ञान अकादमीच्या बैठकीत लायसेंकोने भाषण केले आणि शेवटी सांगितले की पक्षाच्या केंद्रीय समितीने भाषण तपासून मंजूर केले आहे. जनुकशास्त्र शिकवणे तिथे संपले. एकाच जातीची झाडे एकमेकांशी स्पर्धा करत नाहीत, या सिद्धान्तावर ओकची बियाणी पुंजक्यांनी लावली गेली. बहुतेक रोपे मेली. चीनमध्ये १९५८ नंतर दाट पेरणीचा जो आदेश निघाला, त्यामागेही हीच कल्पना होती. आपल्या कोणत्याही शेतकऱ्याने बांधावर उभे राहून सांगितले असते, विरळणी का करतात ते.

एक तपशील मला विसरता येत नाही. भाषणाचा मसुदा स्टालिनने स्वतः दुरुस्त केला होता. 'प्रत्येक विज्ञान वर्गीय असते' अशा अर्थाच्या वाक्यापुढे त्याने समासात लिहिले: हाहाहा, आणि गणिताचे काय? डार्विनवादाचे काय? म्हणजे हसू त्यालाही आले होते. वाक्य काढले, लायसेंकोला ठेवले.

आणि १९३१ च्या त्या लंडन मंडळाकडे पुन्हा वळा. वाविलोव्ह त्यात होता. हेसेनला १९३६ मध्ये गोळी घातली, बुखारिनला १९३८ मध्ये. विज्ञान समाजात कसे घडते हे जगाला सांगायला गेलेल्या आठांपैकी तिघांना त्याच समाजाच्या सत्तेने संपवले.

दोष तत्त्वज्ञानाचा की सत्तेचा?

'तत्त्वज्ञान निर्दोष, वापरणारे वाईट' हे उत्तर मला आळशी वाटते. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ, तसे इथे काहीतरी आतलेही होते. ज्या विचाराला निसर्गाचे, समाजाचे आणि विचाराचेही सर्वांत व्यापक नियम माहीत असल्याचा दावा आहे, तो प्रयोगशाळेत पाहुणा म्हणून फार काळ बसत नाही, खुर्ची मागतो. सत्तेने त्याला न्यायाधीशाची खुर्ची दिली. पण वाविलोव्हच्या बाजूचे कितीतरी जण स्वतःला मार्क्सवादीच म्हणवत होते, हेही विसरू नका. जनुकशास्त्र हेच खरे भौतिकवादी आहे, असे ते सांगत होते.

मग सोव्हिएत भौतिकशास्त्र कसे तगले?

बॉम्बमुळे. सापेक्षता आणि पुंज यामिकी (क्वांटम मेकॅनिक्स) यांना 'चिद्वादी', म्हणजे मनाला जगाआधी मानणारे, ठरवायला मार्च १९४९ मध्ये मोठी परिषद भरायची होती. ती ऐनवेळी रद्द झाली. २९ ऑगस्ट १९४९ रोजी पहिली अणुचाचणी झाली. व्लादिमीर फोक यांच्यासारख्या शास्त्रज्ञांनी पुंज यामिकी द्वंद्वात्मक भौतिकवादाशी सुसंगतच आहे असा युक्तिवाद मनापासून केला, त्याचेही श्रेय आहे. पण गव्हाच्या ओंबीतून बॉम्ब निघत नाही, हे जीवशास्त्रज्ञांचे दुर्दैव.

निसर्गात द्वंद्व असते तरी का? की ते फक्त माणसांच्या व्यवहारात?

हंगेरियन मार्क्सवादी विचारवंत लुकाचने १९२३ मध्ये ही शंका काढली आणि पश्चिमेकडचे अनेक मार्क्सवादी त्याच्या मागे गेले. विरोधाला जाणीव लागते, कर्ता लागतो. चुंबकाच्या दोन ध्रुवांना वर्गसंघर्ष ठाऊक नसतो. मला हे अर्धेच पटते. चुंबकावर समाज लादू नये हे खरे. पण माणूस निसर्गाबाहेर राहतो असे मानले की माती, पाणी, हवामान हे विषय समाजवाद्यांच्या हातून सुटतात. गेल्या शतकात सुटलेच होते.

महाराष्ट्रात याचा चांगला वापर कुणी केला?

माझे उत्तर एकच: दामोदर धर्मानंद कोसंबी. गोव्यात १९०७ मध्ये जन्म, व्यवसायाने गणिती, टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९४५ ते १९६२. पुण्याहून डेक्कन क्वीनने मुंबईला जायचे आणि यायचे.

प्राचीन भारताच्या इतिहासात राजांच्या विश्वासार्ह तारखा थोड्या. कोसंबींनी आहत, म्हणजे ठसे मारून घडवलेली, नाणी तराजूत घातली. चांदीचे नाणे हातोहात फिरते तसे झिजते. जितके जास्त फिरले तितके हलके, आणि एकाच घडणावळीच्या नाण्यांच्या वजनातला फरकही वाढत जातो. पडताळा म्हणून त्यांनी चलनातली आधुनिक नाणी ढिगांनी वजन केली. मग तक्षशिलेच्या साठ्यातल्या नाण्यांकडे पाहिले, तर पाठीमागचे ठसे जितके जास्त तितके सरासरी वजन कमी. ते ठसे सराफांनी वेळोवेळी तपासणी करून मारलेले असावेत, असा त्यांचा निष्कर्ष. एका चिमुकल्या चांदीच्या तुकड्यातून बाजार, व्यापारी आणि काळ वाचायचा. शंभरातल्या एका नाण्यावरून काही कळत नाही, शंभरांवरून कळते. संख्येतून गुण हे असे.

तीच नजर ते पायी हिंडताना वापरत. पश्चिम महाराष्ट्रातल्या गावाबाहेरच्या देवींची, म्हसोबांची ठाणी, त्यांच्या आसपास सापडणारी गारगोटीची सूक्ष्म हत्यारे, घाटातल्या व्यापारी वाटा आणि त्यांच्यालगतची लेणी, हे सगळे त्यांनी एका नकाशावर आणले. ठाणे जुने, देव बदलत गेलेले.

आणि हेच कोसंबी १९४९ मध्ये कम्युनिस्ट नेते कॉम्रेड डांगे यांच्या प्राचीन भारतावरच्या पुस्तकावर तुटून पडले. आदिम साम्यवाद, मग गुलामगिरी, मग सरंजामशाही हा युरोपचा साचा डांग्यांनी वेदांवर बसवला होता. कोसंबींचे म्हणणे थोडक्यात असे की मार्क्सवाद विचार करण्याच्या कष्टांना पर्याय नाही. डांग्यांनी ते पुस्तक तुरुंगात लिहिले होते, ग्रंथालय हाताशी नव्हते, हे त्यांच्या बाजूने सांगायला हवे.

कोसंबींवरही आक्षेप आहेत. मार्क्सवादी विचारवंत शरद पाटील यांनी मार्क्सच्या जोडीला फुले आणि आंबेडकर आणले ते याच कारणाने की जात ही वर्गाची सावली नाही, तिचा स्वतःचा विरोध आहे. आणि बाबासाहेबांनी नोव्हेंबर १९५६ मध्ये काठमांडूला बुद्ध आणि मार्क्स यांची तुलना करताना प्रश्न साधनांचा केला: बदल बळाने टिकतो का? त्याला आमच्या बाजूने दिलेली बहुतेक उत्तरे मला अजून पुरी वाटत नाहीत.

देव मानणाऱ्याने समाजवादी व्हायचे नाही का? घरी आई वारीला जाते.

आईला वारीला जाऊ द्या. लेनिनने १९०५ मध्ये लिहिले होते की पक्षाच्या कार्यक्रमात निरीश्वरवादाची अट घालत नाही आणि श्रद्धाळू कामगाराला दार बंद नाही. संपात उभे राहायला तत्त्वज्ञानाची परीक्षा लागत नाही. बियाण्याच्या, औषधाच्या, धरणाच्या प्रश्नावर निर्णय घेताना मात्र श्रद्धा, आईची असो की पक्षाची, बाहेर चपलांजवळ ठेवायची.

वाचायला सुरुवात कुठून करू?

स्टालिनच्या प्रकरणापासून करू नका, सोपे आहे म्हणूनच. एंगल्सचा माकडापासून माणूस होण्यात श्रमाचा वाटा सांगणारा १८७६ चा छोटा लेख घ्या; हात आणि मेंदू यांचे नाते त्यात असे मांडले आहे की एका बैठकीत संपतो. मग कोसंबी. मॉस्कोच्या प्रगती प्रकाशनाची जुनी मराठी भाषांतरे रद्दीवाल्यांकडे अजून मिळतात, कागद चांगला आणि मराठी दगडासारखी. प्रभादेवीच्या लोकवाङ्मय गृहातही चक्कर टाका. आणि अभ्यासवर्गाला येताना महाबळेश्वरचा कुणी ओळखीचा असेल तर बरोबर आणा.